सुपरमार्केटात कामाला लागायचंय, अनुभव काहीच नाही. कोल्हापुरात कुठं आणि कसं विचारायचं?

फुलेवाडीची_वैनी

नमस्कार सगळ्यांना. मी फुलेवाडीत राहते, वय ३५, बारावी आर्ट्स झालंय आणि लग्नानंतर बाहेर नोकरी अशी कधी केलेली नाही. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, तिथं ओव्हरटाइम बंद झालाय, त्यामुळं घर चालतंय पण पोरांच्या फीच्या वेळी लई ओढाताण होते. थोरली आठवीला, धाकटा चौथीला. सासूबाई घरात असतात म्हणून मला बाहेर पडता येईल, फक्त रात्री किती वाजता परत यायला मिळणार याची काळजी आहे.

आमच्या गल्लीतल्या एकीनं सांगितलं की सुपरमार्केटात बायका घेतात, बिलिंगला नाहीतर रॅक भरायला. पण तिथं जाऊन नेमकं कुणाला भेटायचं, काय बोलायचं, कागद काय काय न्यायचे काही कळत नाही. इंग्लिश वाचता येतं, बोलता येत नाही. कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही, मोबाईल नीट येतो. एक जण व्हॉट्सॲपवर म्हणतोय की रजिस्ट्रेशनचे १५०० भरा, लगेच जॉइनिंग लेटर देतो, ते खरं असतंय का? आणि दिवसभर उभं राहावं लागतंय म्हणतात, गल्ल्यात पैसे कमी आले तर पगारातनं कापतात म्हणतात, हेही खरं का? त्यापेक्षा साध्या किराणा दुकानात बरं पडेल का? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा, प्लीज.


रॅक_नंबर_सात

ताई, आधी ते १५०० चं बघूया. एक रुपया पण देऊ नका. कुठलंच सरळ दुकान कामाला घेताना माणसाकडनं पैसे घेत नाही, ना रजिस्ट्रेशनचे, ना ट्रेनिंगचे, ना युनिफॉर्मचे आगाऊ. तो नंबर ब्लॉक करा, आणि कुणी आधीच भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन करून तक्रार द्यायला सांगा, जेवढं लवकर कराल तेवढे पैसे अडवायचा चान्स जास्त.

मी एका सुपरमार्केटात फ्लोअर सुपरवायझर आहे, हेल्पर म्हणून लागलो होतो. आमच्याकडं नवीन माणूस घेताना मीच आधी बोलतो म्हणून आतनं काय बघतात ते सांगतो. वयाचं डोक्यातनं काढून टाका. तिशी-पस्तिशीच्या बायका आम्हाला उलट पाहिजे असतात, कारण त्या टिकतात. वीस वर्षाची पोरं येतात, दोन महिने करतात, पुण्याला जातात. घर चालवलेली बाई तूरडाळ आणि मसूरडाळीत गोंधळत नाही, कुठला तांदूळ कशाला घेतात ते तिला शिकवायला लागत नाही, आणि गिऱ्हाईक चिडलं तरी ती घाबरत नाही.

जायचं कसं, तर सरळ दुकानात जायचं. ऑनलाइन फॉर्म असतात पण खालच्या कामाची भरती अजून तोंडीच चालते, दारावर नाहीतर काउंटरच्या मागं कागद लावलेला असतो. सकाळी अकरा ते साडेबारा किंवा दुपारी तीन ते साडेचार या वेळेत जावा, तेव्हा मॅनेजरला बोलायला फुरसत असते. शनिवार-रविवार अजिबात नको. आणि महिन्याचा पहिला आठवडा पण नको, सगळ्या कोल्हापूरचा पगार झालेला असतो आणि महिन्याचा बाजार भरायला गर्दी लोटते, तेव्हा तुम्ही गेला तर नंतर या म्हणतील आणि विसरून जातील. सिक्युरिटीला विचारायचं नाही, तो नाही म्हणून मोकळा होतो. कस्टमर सर्व्हिसच्या टेबलावर जाऊन म्हणायचं, स्टोअर मॅनेजरना भेटायचंय, कामासाठी आलेय. दसरा-दिवाळीच्या आधी महिना-दीड महिना सगळीकडं जास्तीची माणसं घेतात, त्यात शिरलं आणि काम चांगलं केलं तर पुढं ठेवून घेतात, असं लागलेले माझ्या टीममधे बरेच आहेत.

कागद: आधार, पॅन, बँक पासबुकचं पहिलं पान, दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट फोटो. सगळ्याच्या झेरॉक्स आणि ओरिजिनल फक्त दाखवायला. ओरिजिनल कुणी ठेवून घेतो म्हणाला तर द्यायचं नाही, आपलं कागद आपल्याच घरात.

मुलाखत म्हणजे लई काही नसतंय. घर कुठं, येणार कसं, रविवारी याल का, सणाला याल का, उभं राहायची तयारी आहे का, वजन उचलता येईल का. कधी एखादा हिशेब घालतात, ३८७ चं बिल झालं आणि गिऱ्हाईकानं पाचशे दिले तर किती परत द्याल, असलं. इथं एकच गोष्ट ठामपणे बोला ताई, तुम्हाला किती वाजेपर्यंत थांबता येईल ते पहिल्याच दिवशी सांगून टाका. सगळ्याला हो हो म्हणायचं आणि पंधरा दिवसांनी अडचण सांगायची, यानं माणूस मनातनं उतरतो. आम्ही रोस्टर (ड्युटीचा तक्ता) लावताना ज्याची वेळ पक्की माहिती आहे त्याला धरून चालतो.

आता काम काय असतं. लोकांना वाटतं रॅकवर माल ठेवायचा एवढंच. माल येतो तेव्हा बिलाशी मोजून घ्यायचा, फुटलेलं-गळलेलं बाजूला काढायचं, मग रॅकला. नवीन माल कायम मागं, जुना पुढं, तेही आलेल्या तारखेनं नाही तर एक्स्पायरीच्या तारखेनं, कारण कधी कधी नंतर आलेल्या पेटीची तारीख आधीची निघते. दूध, दही, ब्रेड, पनीर रोज बघायचं, बिस्किट-फरसाण आठवड्याला. पाकीट तोंडानं पुढं, लेबल दिसेल असं, मधे भोक पडलं की मागचं पुढं ओढायचं, याला फेसिंग म्हणतात आणि मॅनेजर राउंडला आला की पहिलं तेच बघतो. किमतीचं तिकीट आणि पाकिटावरची एमआरपी जुळते का हे बघायचं काम पण रॅकवाल्याचंच. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, साबण-शाम्पू-टूथपेस्ट-बिस्किटं अठरावरनं पाच टक्क्यावर आली, तेव्हा जुन्या एमआरपीचा माल रॅकवर आणि बिल कमी दराचं, गिऱ्हाईकाला समजावून सांगता सांगता घसा बसायचा. पण ज्या पोरींनी तेव्हा एकेक तिकीट तपासून लावलं त्यांच्या रॅकपुढं भांडण झालं नाही. हे काम कुणाच्या डोळ्यात भरत नाही पण दुकान त्याच्यावरच चालतंय, असं मला मनापासून वाटतं.

अजून एक. साबणाच्या रॅकपाशी एखाद्या ब्रँडचा टी-शर्ट घालून उभ्या असतात त्या बायका दुकानाच्या नसतात, त्या त्या कंपनीच्या प्रमोटर असतात, एजन्सीमार्फत लागलेल्या. वाईट काम नाही पण टार्गेट असतं आणि कंपनीनं प्रमोशन थांबवलं की काम संपलं. तुम्हाला ऑफर येईल तेव्हा विचारा, मी दुकानाच्या रोलवर (पगारपत्रकावर) की एजन्सीच्या? एजन्सीवर असलात तर पगार, पीएफ, सुट्टी सगळ्याला एजन्सीच्या माणसाच्या मागं लागायचं. आणि काही ठिकाणी ॲप्रेंटिस म्हणून घेतात, त्यात स्टायपेंड मिळतो, पीएफ-ईएसआय (कामगार विमा) लागू होत नाही. शिकायला ठीक आहे, पण माहिती असून घ्या.


बिलिंगवाली_शाहूपुरी

वैनी मी बिलिंगला होते, आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणून सोडलंय. कॉम्प्युटरची भीती बाळगू नका, ते मोबाईलपेक्षा सोपं असतंय. बारकोड मशीनपुढं धरायचा, टूं वाजलं की आयटम आला. ज्या गोष्टीला बारकोड नाही, म्हणजे सुटी भाजी, कांदा-बटाटा, त्याचं वजनकाट्यावर स्टिकर निघतं, नाहीतर कोड टाकायचा, रोजचे वीसएक कोड पाठ झाले की हात आपोआप चालतो. ८९० नं सुरू होणारा तेरा आकडी नंबर बहुतेक पाकिटावर असतो, बारकोड चुरगळला असेल तर तो हातानं टाकायचा, पाच मिनिटात शिकाल.

खरं शिकायचं असतंय ते पैशाचं. सकाळी गल्ल्यात सुट्टे देतात ते स्वतः मोजून घ्यायचे, सुपरवायझर कितीही घाईत असू दे, मोजल्याशिवाय सही करायची नाही. गिऱ्हाईकानं पाचशेची नोट दिली तर ती गल्ल्यात टाकायची नाही, वरच ठेवायची, सुट्टे परत दिले, त्यांनी मोजले, मगच आत. नाहीतर मी जास्त दिले होते म्हणणारा भेटला की तुमच्याकडं सांगायला काही राहत नाही. यूपीआयला त्यांच्या मोबाईलवरचा हिरवा टिक बघून सोडायचं नाही, आपल्या मशीनवर पेमेंट आल्याचं दिसलं पाहिजे, बनावट स्क्रीन दाखवणारे असतात. आयटम कॅन्सल करायचा तर सुपरवायझरला बोलवायचं, त्याचा पासवर्ड त्यानंच टाकायचा, तो घाईत तुम्हाला सांगून गेला तरी वापरायचा नाही. आणि जेवायला उठताना काउंटर लॉक. तुमच्या लॉगिनवर दुसऱ्या कुणाला बसू देऊ नका, अगदी जिवाभावाची मैत्रीण असली तरी. कमी आलं तर नाव तुमचं असतं.

पैसे कापायचं विचारलंय तर, व्हय, काही ठिकाणी कापतात. माझ्या आधीच्या एका ठिकाणी महिनाअखेरीला न विचारता कापून टाकायचे आणि स्लिपवर फक्त 'इतर' लिहायचे. कायद्यात असं चालत नाही. दंड लावायचा असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि दंड त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर नेता येत नाही. गल्ल्यातल्या तुटीची भरपाई हा वेगळा भाग आहे पण तिथंही तुम्हाला विचारल्याशिवाय, तुमची चूक दाखवल्याशिवाय कापता येत नाही. म्हणून रोज रात्री नोटांचा तक्ता भरतो ना, पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, त्याचा मोबाईलवर फोटो काढायची परवानगी आहे का विचारा, नसेल तर आपल्या छोट्या डायरीत लिहून ठेवा. मी डायरी ठेवायची. एकदा फरकाचा विषय निघाला तेव्हा त्या डायरीवरनंच कळलं की फरक दुपारी काउंटर बदलला तेव्हाचा होता.

पगाराचं पण सांगते कारण हातात किती येणार हे कुणी नीट सांगत नाही. समजा लेटरवर १४००० लिहिलंय आणि त्यातलं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून ११०००. तर पीएफ १२ टक्क्यानं १३२०, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १०५. हातात १२५७५. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात बायकांना २५००० पगारापर्यंत नाही, त्यामुळं तुमच्या स्लिपवर ते २०० कापलेले दिसले तर लगेच विचारा. पीएफचे जेवढे तुमचे जातात तेवढेच दुकान पण भरतं, त्यातला काही भाग पेन्शनला जातो, म्हणजे ते पैसे गेले असं समजू नका. ईएसआयमधे तर तुमच्याबरोबर घरच्यांच्या औषधपाण्याची पण सोय होते, २१००० पगाराच्या आत असलेल्यांना. फाउंड्रीत मिस्टरांचं असेलच, तरी तुमचं स्वतःचं कार्ड निघू दे.


धान्य_ओळ

वरच्या दोघांनी चांगलं सांगितलंय. आमचं किराणा दुकान आहे, लक्ष्मीपुरी भागात, वडलांच्या आधीपासनं. मी दुसरी बाजू सांगतो कारण ताईंनी किराण्याचं पण विचारलंय.

किराणा दुकानात तुम्हाला मुलाखत नाही, फॉर्म नाही. ओळखीनं या, आठ दिवस बघू म्हणतात आणि मग ठरतं. सकाळी दहा ते रात्री आठ-साडेआठ, दुपारी जेवायला घरी सोडणारे पण आहेत, सोमवारी सुट्टी. मधे बसायला मिळतं. मालक समोर असतो त्यामुळं पोराला ताप आलाय म्हटलं तर जा म्हणतो, रोस्टर बदलायला अर्ज करायला लागत नाही. हे सुपरमार्केटात मिळणार नाही.

आणि इथं माल कळतो हो. आमच्याकडं जे काम करतात त्यांना ज्वारी हातात घेतली की शाळू आहे का दुसरी ते सांगता येतं. आजरा घनसाळ म्हणून दुसराच तांदूळ कुणी ओतला तर वासावरनं पकडतात, त्या तांदळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय तेव्हापासनं नावाखाली खपवणारे वाढलेत. गूळ कुठला घरच्या चहाला चालतो, कुठला पुरणाला, हे गिऱ्हाईक विचारतं आणि सांगावं लागतं. उन्हाळ्यात चटणीचा सीझन आला की तर विचारू नका, एप्रिल-मे मधे बायका यादी घेऊन येतात, ब्याडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी किती, त्या प्रमाणात धने, खोबरं, तीळ, खडा मसाला, आणि घरात खाणारी माणसं किती, तिखट किती पाहिजे यावर ते बदलतं. हे सांगता येणारा माणूस दुकानात असला की गिऱ्हाईक दुसरीकडं जात नाही. रॅकवरचं पाकीट हे सांगत नाही. मोठ्या दुकानात पण खरं तर असली माणसं पाहिजेत, तिथं ती ठेवत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

बाकी काम म्हणजे पुड्या बांधणं, व्हॉट्सॲपवर आलेल्या याद्या काढून पिशव्या भरणं, उधारीच्या वहीत लिहिणं, पोरगं डिलिव्हरीला निघालं की त्याची पिशवी तपासून देणं. जड पोती उचलायला हमाल असतो, बायकांना आम्ही लावत नाही.

पण जे नाही ते पण सांगतो. आमच्यासारख्या दुकानात चार-पाच माणसं असतात, त्यांना पीएफ लागू होत नाही, त्याला वीस माणसं लागतात. पगाराची स्लिप नाही. दिवाळीला पगार आणि फराळाचं सामान देतो पण ते मालकाच्या मनावर. आणि पुढं दुसरीकडं गेला तर अनुभवाचा कागद म्हणून मालकाच्या सहीची चिठ्ठी एवढंच.


रॅक_नंबर_सात

दादा, तुमच्या चटणीच्या सीझनचं एकदम पटलं. आमच्याकडं मसाल्याच्या सेक्शनला ठेवलेली ताई आधी मंगळवार पेठेत एका किराण्यात होती, गिऱ्हाईक तिला नावानं विचारत येतं.

पण ताईंना माझं सांगणं वेगळं आहे. वय ३५, पुढं वीस-पंचवीस वर्षं काम करायचंय. पहिली नोकरी अशी घ्या जिथं यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर पडतो आणि दर महिन्याला स्लिप मिळते. पहिल्या नोकरीचा कागद झाला की दुसऱ्या ठिकाणी तुम्ही अनुभवी म्हणून जाता, फ्रेशर म्हणून नाही. वर्षभरात बिलिंग, माल घेणं, एक्स्पायरी एवढं आलं की सेक्शन इन्चार्ज व्हायला अडचण नाही, माझ्या वरच्या मॅडम कॅशिअरच होत्या. किराण्यातलं शिक्षण सोनं आहे पण ते कागदावर येत नाही, आणि गरज लागली तर बँक कर्जाला कागद बघते.

उभं राहण्याचं खरं आहे. जेवणाची सुट्टी सोडली तर बहुतेक वेळ उभं. केरळनं २०१८ ला आणि तामिळनाडूनं २०२१ ला दुकानातल्या कामगारांना बसायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला, केरळातल्या साडीच्या दुकानातल्या बायकांनी त्याच्यासाठी भांडण काढलं होतं. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी ते मॅनेजरच्या माणुसकीवर चालतंय. मी माझ्या फ्लोअरला दोन स्टूल ठेवलीत आणि गर्दी नसेल तेव्हा बसा म्हणतो, त्यानं काम कमी झालेलं मला तरी दिसलं नाही, उलट संध्याकाळच्या गर्दीला माणसं ताजी राहतात. तुम्ही जाल तिथं आधी पाच मिनिटं नुसतं गिऱ्हाईक म्हणून फिरा आणि बघा, काउंटरच्या मागं स्टूल आहे का, बिलिंगच्या पोरी पाणी पितात का, सुपरवायझर त्यांच्याशी कसा बोलतो. दहा लोकांना विचारण्यापेक्षा हे बघितलेलं बरं. बूट मात्र मऊ तळव्याचे घ्या, चप्पल नाही, फरशीवर चपलेत टाचा जातात.


बावड्याचा_पांडू

मी गोडाऊनला असतो, कसबा बावडा. एकच मुद्दा, घरापासनं जवळचं बघा, शंभर-दोनशे पगार कमी असला तरी. रिक्षाला रोजचे पैसे गेले की वाढीव पगार तिथंच संपतो. फुलेवाडीला केएमटी (शहर बस) आहे पण रात्री उशिरा गाड्या कमी होतात, शेवटची किती वाजता ते डेपोत जाऊन विचारा आणि त्यावरनं शिफ्ट मागा. दुपारची शिफ्ट साधारण दुकान बंद झाल्यावर सुटते, त्यात हिशेब जुळेपर्यंत अर्धा-पाऊण तास वर जातो, तो धरून चाला.

आणि पावसाळ्यातलं पण विचारून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमधे हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली गेला, शहरात ट्रक येईनात, दूध नाही, पेट्रोल नाही, गोडाऊनात असेल तेवढ्यावर दुकान. आम्ही एका घराला तेलाची दोन पाकिटं, कांदा दोन किलो असं ठरवून देत होतो कारण पहिल्या चार लोकांनीच सगळं नेलं असतं. ज्यांना चालत येता येत होतं तीच माणसं कामावर. तेव्हा आमच्या मॅनेजरनी अडकलेल्यांचा खाडा लावला नाही पण सगळीकडं असं होत नाही. २०२१ च्या जुलैला परत तेच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका पातळी, ती ओलांडली की पुलाच्या पलीकडचा माणूस येणार कसा? लेटरमधे नसतं हे, तोंडी विचारा.


फुलेवाडीची_वैनी

एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. त्या रजिस्ट्रेशनवाल्याला ब्लॉक केलंय, आणि गल्लीतल्या दोघींना पण सांगितलं कारण एकीनं पैसे भरायची तयारी केली होती.

मिस्टरांशी बोलले. ते म्हणाले पीएफ असलेलंच बघ. सकाळची शिफ्ट मागणार आहे, धाकट्याचं दप्तर-डबा सासूबाई बघतील म्हणाल्या. रात्रीचं थांबायला लागलं तर बायकांना काही नियम आहे का? आणि एक अडचण, माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं, आणि पॅन लग्नाआधीचं आहे त्यामुळं त्यावर परत माहेरचंच. याच्यानं नोकरी अडेल का? बचत गटाचा हिशेब मी बघते, वह्या, बँकेची स्लिप, व्याज काढणं सगळं, ते सांगितलं तर चालेल का, का हसतील?


बिलिंगवाली_शाहूपुरी

हसतील कशाला वैनी, तेच पहिलं सांगा. बायोडाटात लिहा, बचत गटात हिशेब ठेवणे, रोख रकमेची मोजणी आणि बँकेत भरणा, किती बायकांचा गट आहे आणि किती वर्षं बघताय ते पण. बिलिंगला यापेक्षा चांगला अनुभव कुठला असणार. बायोडाटा मराठीत साधा एका पानाचा चालतो, मी मराठीतलाच दिला होता.

रात्रीचं म्हणजे, साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची, घरी पोचवायची सोय करावी लागते. तुम्ही नाही म्हणू शकता. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर जादा तासाला दुप्पट पैसे, आणि आठवड्याची एक सुट्टी, ती रविवारी मिळणार नाही पण मधल्या दिवशी मिळालीच पाहिजे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं तक्रार समिती असावी लागते, बायकांना त्रास झाला तर त्यासाठी. त्याचा बोर्ड स्टाफरूममधे लावलेला आहे का बघा, मी हे कायम सांगते सगळ्यांना. बायकांचं स्वच्छतागृह कुठं आहे ते पण पहिल्या दिवशीच बघून घ्या, विचारायला लाजू नका.


रॅक_नंबर_सात

नावाचं मी सांगतो, कारण या एका गोष्टीवर आमच्याकडं कितीतरी बायकांचा पीएफ अडकून पडतो. नोकरी अडणार नाही. मार्कशीट बदलायची गरज नाही, तिच्यासोबत लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स जोडायची. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर आधी ती करून घ्या, पुढं दहा ठिकाणी लागते.

पण आधार, पॅन आणि बँक या तिघांवर नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर एकसारखं पाहिजे. यूएएन आधारवरनं निघतो आणि नंतर पॅन आणि बँक त्याला जोडताना स्पेलिंगमधला एक ए जास्त असला तरी अडतंय. म्हणून तुम्ही आत्ताच पॅनची दुरुस्ती टाका, आधारवरचं सासरचं नाव आहे तसंच, फी फार नाही, नवीन कार्ड घरी येतं आणि नंबर तोच राहतो. त्याला लग्नाचा दाखला पुरावा म्हणून चालतो. बँकेत पण जाऊन आधारप्रमाणं नाव करून घ्या, खातं एकटीच्या नावावर असेल तर उत्तम. मिस्टरांसोबत जॉइंट असेल तर पगाराला वेगळं काढा, झिरो बॅलन्सचं मिळतं.

दुरुस्तीची पावती हातात आली की त्याच आठवड्यात अर्ज द्यायला जावा, कार्ड यायची वाट बघत बसू नका. मॅनेजरला पावती दाखवून सांगायचं की पॅनला नाव बदलायला टाकलंय. आम्ही तेवढ्यावर घेतो.


फुलेवाडीची_वैनी

लग्नाची नोंदणी आहे, दाखला कपाटात सापडला. उद्या धाकट्याला शाळेत सोडून पॅनचं करते आणि परवा मंगळवारी अकराला दोन ठिकाणी जाऊन येते. मसाल्याचा सेक्शन आहे का ते पण विचारणार आहे, चटणी तर मी गल्लीतल्या निम्म्या घरांना प्रमाण सांगून देते.


धान्य_ओळ

मसाल्याचं नक्की विचारा ताई. आणि दोन्हीकडनं नाही म्हणाले तर इथं मेसेज टाका, आमच्या ओळीत एक-दोघांना माणूस पाहिजे आहे, तोपर्यंत रिकामं बसू नका.